लिब्रेऑफिसचं एक्स्पोर्ट: एकच फाइल, दोन वेगळ्या पीडीएफ

लिब्रेऑफिस या मोफत कार्यालयीन सॉफ्टवेअरमधल्या रायटरच्या (मजकूर लिहायच्या कार्यक्रमाच्या) टूलबारवर पीडीएफचं एक बटण आहे. दाबलं की फाइलच्या नावाखेरीज काहीही न विचारता फाइल तयार होते. तीच ओडीटी (रायटरची मूळ) फाइल शेजारच्या मशीनवर उघडून तेच बटण दाबा. तिथे फोटो भुरकट येतात, फाइलचा आकार निम्मा होतो आणि मजकुरावर कुणाचे तरी शेरे चिकटलेले दिसतात. फाइल तीच, आवृत्ती तीच, तरी पीडीएफ वेगळी. याचं कारण मदतपुस्तिकेत सापडत नाही. ते सोर्स कोडमध्ये आणि प्रोफाइलच्या, म्हणजे तुमच्या निवडी साठवणाऱ्या, फोल्डरमध्ये आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. फुकट मिळणाऱ्या कार्यालयीन सॉफ्टवेअरमध्ये देवनागरीची पीडीएफ इतकी चांगली काढणारं दुसरं साधन शोधून काढावं लागेल. कमांडवरून शेकडो फायली एका दमात बदलायच्या असतील तर प्रश्नच नाही. पण हे एक्स्पोर्ट मुकं आहे. चूक झाली तर सांगत नाही, पासवर्ड गाळला तरी सांगत नाही, पर्यायाचं नाव चुकलं तरी सांगत नाही. त्यामुळे ते आतून कसं चालतं हे माहीत असलेल्याच्या हातात ते पाच तारे, आणि बटण दाबून विश्वास टाकणाऱ्याच्या हातात तीन.

एक सूचना. खाली पर्यायांची आणि फायलींची नावं देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायची. पीडीएफच्या पर्यायांच्या नावांत शब्द जोडून लिहिलेले असतात आणि प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं असतं. लहान-मोठ्या अक्षरात चूक झाली तर तो पर्याय नसल्यातच जमा.

बटणाच्या मागची आठवण

पीडीएफ काढायचे दोन रस्ते आहेत. फाइल मेनूतून गेलं की पर्यायांची मोठी खिडकी उघडते. टूलबारचं बटण थेट काढतं. खिडकीत तुम्ही जे निवडता ते ‘एक्स्पोर्ट’ दाबल्यावर प्रोफाइलमध्ये लिहून ठेवलं जातं. ही नोंद रजिस्ट्रीमॉडिफिकेशन्स डॉट एक्ससीयू नावाच्या फाइलीत असते. लिनक्सवर ती होम फोल्डरच्या डॉट-कॉन्फिग, लिब्रेऑफिस, ४, युजर या वाटेवर सापडते, विंडोजवर अ‍ॅपडेटाच्या रोमिंगमध्ये. फोल्डरचं नाव ‘४’ पाहून जुनी आवृत्ती समजू नका. चौथ्या आवृत्तीपासून ते बदललेलंच नाही.

खरी मेख पुढे आहे. पीडीएफ फिल्टर (फाइल पीडीएफमध्ये बदलणारा भाग) सुरू झाला की सोबत पर्यायांची यादी आली आहे का, एवढंच तो आधी बघतो. यादी रिकामी असेल तर प्रोफाइलमधल्या मागच्या वेळच्या निवडी उचलतो. यादीत एक जरी पर्याय असेल तर प्रोफाइलकडे ढुंकूनही बघत नाही. जे दिलंय ते घेतो आणि बाकी सगळं कोडमध्ये कोरलेल्या मूळ किमतींवर जातं.

याचे परिणाम दोन. थेट बटण म्हणजे ‘या मशीनवर मागच्या वेळी कुणीतरी निवडलं होतं तसं’. कुणी एकदा ईमेलसाठी चित्रं ७५ डीपीआयवर (इंचाला ७५ ठिपके) आणली असतील, तर पुढच्या महिन्यात छापखान्याला जाणारी पुस्तिकाही ७५ डीपीआयवरच निघणार. शेरे पीडीएफमध्ये घालायची खूण कुणी केली असेल तर तीही तशीच राहते. दुसरा परिणाम जास्त फसवा आहे. खिडकीत सगळं नीट लावून ठेवलं, कमांडवरून काढलेली पीडीएफही अगदी बरोबर आली, आणि मग फक्त पानांची मर्यादा घालायला एक पर्याय जोडला. त्या क्षणी बाकीच्या सगळ्या निवडी गेल्या. चित्रांचा दर्जा ९० टक्के जेपेग आणि रिझोल्यूशन ३०० डीपीआय, म्हणजे मूळ किमती, लागू होतात. पर्याय एक वाढवला आणि बदलले दहा, असं दिसतं ते यामुळे.

म्हणून नियम साधा ठेवावा. कमांडवरून काम करताना एकतर एकही पर्याय देऊ नये, नाहीतर लागणारे सगळे द्यावेत. अर्धवट यादी कधीच नको.

आतले पर्याय कसे शोधायचे

सगळ्यात सोपी वाट मॅक्रो रेकॉर्डरची, म्हणजे तुमच्या कृती कोडमध्ये नोंदवणाऱ्या सोयीची. टूल्स, ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्ड इथे मॅक्रो रेकॉर्डिंगची खूण करा. मग रेकॉर्डिंग सुरू करून मेनूतून पीडीएफ काढा, खिडकीत हवं ते निवडा, रेकॉर्डिंग थांबवा आणि तयार झालेला बेसिक कोड उघडा. त्यात फिल्टरडेटा नावाखाली एक लांबलचक ओळ दिसते: प्रत्येक पर्यायाचं खरं नाव आणि त्याची किंमत. यूजलॉसलेसकॉम्प्रेशन, क्वालिटी, रिड्यूसइमेजरिझोल्यूशन, मॅक्सइमेजरिझोल्यूशन, सिलेक्टपीडीएफव्हर्जन, यूजटॅग्डपीडीएफ, एक्स्पोर्टनोट्स, एक्स्पोर्टबुकमार्क्स अशी ती मालगाडी असते. खिडकीत एक खूण बदलून पुन्हा रेकॉर्ड केलं की दोन ओळींतल्या फरकावरून कोणत्या खुणेचं नाव काय ते कळतं. कुठल्याही पुस्तिकेपेक्षा हे भरवशाचं, कारण तुमच्याच आवृत्तीतली नावं मिळतात.

दुसरी वाट त्याच अ‍ॅडव्हान्स्ड पानावरच्या ‘एक्स्पर्ट कॉन्फिगरेशन’ची. ऑफिस डॉट कॉमनखाली फिल्टर, पीडीएफ, एक्स्पोर्ट असं उतरत गेलं की प्रोफाइलमध्ये सध्या काय साठलंय ते दिसतं. मघाच्या ‘दोन मशीन, दोन पीडीएफ’ तक्रारीचा निकाल इथे दोन मिनिटांत लागतो.

फिल्टरांची नावं हवी असतील तर इन्स्टॉलेशनच्या शेअर, रजिस्ट्री फोल्डरमधल्या एक्ससीडी फायली साध्या एडिटरमध्ये उघडा. त्या एक्सएमएल आहेत. रायटरचा पीडीएफ फिल्टर वेगळा, हिशेबाच्या शीटांच्या कॅल्कचा वेगळा, सादरीकरणाच्या इम्प्रेसचा वेगळा. नाव बनतं ते आधी कार्यक्रमाचं नाव, मग पीडीएफ, मग एक्स्पोर्ट, तिन्ही शब्द अधोरेषेने जोडून. पहिले दोन लहान अक्षरांत, एक्स्पोर्टचं फक्त पहिलं अक्षर मोठं.

चौथी वाट खास आवड असलेल्यांसाठी. पीडीएफच्या आतला मजकूर दाबून भरलेला असतो, त्यामुळे एडिटरमध्ये उघडली तर कचरा दिसतो. व्हीसीएल, डीबग, डिसेबल, पीडीएफकॉम्प्रेशन हे चार शब्द सगळे मोठ्या अक्षरांत आणि अधोरेषेने जोडून एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बनवा, त्याला १ किंमत द्या आणि त्याच टर्मिनलमधून लिब्रेऑफिस सुरू करा. आता निघणारी पीडीएफ न दाबलेली असते आणि सरळ वाचता येते. सोर्समधल्या एका रीडमी फाइलीत याची एका ओळीची नोंद आहे. आधीच तयार झालेली पीडीएफ तपासायची असेल तर क्यूपीडीएफ हे साधन त्याच्या ‘क्यूडीएफ’ पर्यायाने तीच गोष्ट करून देतं.

देवनागरी: इथे पैसे वसूल

ही न दाबलेली पीडीएफ उघडून ‘अ‍ॅक्च्युअलटेक्स्ट’ हा शब्द शोधा. मराठी मजकुराच्या फाइलीत तो शेकडो वेळा सापडतो, आणि लिब्रेऑफिसचं मोठेपण तिथेच दिसतं.

‘कि’ घ्या. युनिकोडमध्ये आधी क, मग ऱ्हस्व वेलांटी. कागदावर मात्र वेलांटी डावीकडे, म्हणजे आधी काढावी लागते. पीडीएफमध्ये अक्षरं चित्रांच्या क्रमाने मांडलेली असतात, त्यामुळे साध्या साधनाने काढलेल्या पीडीएफमधून मजकूर कॉपी केला की वेलांटी आधी आणि क नंतर येतो. ‘कार्य’मधला रफार उलट वागतो: साठवताना य च्या आधी, चित्रात य च्या नंतर. जोडाक्षरांचं तर एकच चित्र असतं, त्यामागे तीन-चार युनिकोड चिन्हं. लिब्रेऑफिस अशा प्रत्येक गुंत्याभोवती एक कुंपण घालतं आणि आत खरा मजकूर सोळाच्या पायावरच्या अंकांत लिहून ठेवतं. ‘कि’साठी त्या कुंपणात क चा क्रमांक ०९१५ आणि त्याला लागून वेलांटीचा ०९३एफ असतो, त्याआधी एफईएफएफ ही ठरलेली खूण. मजकूर उचलणारं साधन हे कुंपण वाचत असेल तर शोध, कॉपी आणि वाचून दाखवणं तिन्ही बरोबर चालतं. पॉपलर या मुक्त साधनसंचातलं, पीडीएफमधून मजकूर काढणारं पीडीएफटूटेक्स्ट ते वाचतं. सगळे पीडीएफ-वाचक वाचत नाहीत. एका ठिकाणी कॉपी बरोबर आणि दुसरीकडे मोडकी दिसली तर दोष बहुधा वाचकाचा असतो, पीडीएफचा नव्हे.

अक्षरांची मांडणी ५.३ आवृत्तीपासून (२०१७) सगळ्या प्लॅटफॉर्मवर हार्फबझ नावाचं इंजिन करतं. त्याआधी विंडोजवर एक इंजिन, मॅकवर दुसरं असा कारभार होता आणि जोडाक्षरं मशीनगणिक वेगळी पडत. तो त्रास आता संपला.

फॉन्टच्या यादीत एक गंमत दिसते. पीडीएफफॉन्ट्स ही कमांड चालवली की फॉन्टच्या नावाआधी बीएएएएए, सीएएएएए असे उपसर्ग आणि अधिकचं चिन्ह येतं. म्हणजे पूर्ण फॉन्ट न भरता वापरलेलीच अक्षरं भरली आहेत. मराठीत एकच फॉन्ट दोन किंवा तीन वेळा दिसला तर घाबरू नका. एका संचात जेमतेम अडीचशे चित्रं मावतात, आणि जोडाक्षरांनी भरलेलं शंभर पानी पुस्तक ती मर्यादा सहज ओलांडतं. मग दुसरा संच उघडला जातो. याच यादीतल्या ‘एम्बेडेड’ आणि ‘युनिकोड’ या दोन रकान्यांत ‘येस’ हवं. छापखान्याला फाइल पाठवण्याआधीची ही दहा सेकंदांची तपासणी चुकवू नये.

आता मराठीची खास अडचण. पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श आपले, हिंदी वळणाचे वेगळे. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात, आणि कोणतं वापरायचं ते मजकुराला लावलेल्या भाषेवरून ठरतं. लिब्रेऑफिस ती भाषा हार्फबझला इमानदारीने कळवतं. म्हणून मजकुराची भाषा ‘हिंदी’ असेल तर मराठी पुस्तकात हिंदी ल येणार, आणि पीडीएफ निघाल्यावर तो बदलता येत नाही. दुसरीकडून आलेल्या वर्डच्या फायलींत हे फार सापडतं. उपाय: सगळा मजकूर निवडा, कॅरेक्टरच्या खिडकीत ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट’च्या विभागात भाषा मराठी करा, आणि मगच एक्स्पोर्ट. वरच्या ‘वेस्टर्न’ विभागात कितीही बदल केलात तरी देवनागरीला त्याचा स्पर्शही होत नाही. फॉन्टचंही तेच. ‘फॉन्ट बदलला पण बदलत नाही’ या तक्रारीचं उत्तर दहातल्या नऊ वेळा हेच असतं.

सर्व्हरवर अडचण वेगळी. वर्डच्या फाइलीत मंगल फॉन्ट आहे आणि लिनक्सच्या मशीनवर मंगल नाही. पर्यायी फॉन्ट गुपचूप लागतो, त्याची रुंदी वेगळी, त्यामुळे ओळी सरकतात, ४० पानांचं ४२ होतं आणि अनुक्रमणिका चुकते. एक्स्पोर्ट याबद्दल चकार शब्द काढत नाही. एफसी-मॅच या कमांडला मंगल नाव देऊन बघा, प्रत्यक्षात कोणता फॉन्ट मिळणार ते कळेल. पान-मांडणी महत्त्वाची असेल तर मूळ फाइलीतच नोटो सॅन्स देवनागरीसारखा मुक्त फॉन्ट वापरा आणि तोच सर्व्हरवर टाका.

श्री-लिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांत टाइप केलेल्या मजकुराला यातलं काहीही लागू नाही. पीडीएफ दिसेल छान, कॉपी केल्यावर रोमन अक्षरांची खिचडी येईल. आधी युनिकोडमध्ये रूपांतर, मग एक्स्पोर्ट.

पासवर्ड कुठे गेला?

सिलेक्टपीडीएफव्हर्जन या पर्यायाला आकडा द्यायचा असतो. ० म्हणजे नेहमीची पीडीएफ. १, २, ३ म्हणजे जतनासाठीच्या पीडीएफ/ए-चे अनुक्रमे पहिला, दुसरा, तिसरा भाग. १५, १६, १७ म्हणजे पीडीएफ १.५, १.६, १.७.

पीडीएफ/ए-मध्ये कुलूप चालत नाही, कारण पन्नास वर्षांनी उघडायची फाइल पासवर्डावर अवलंबून नको. नियम रास्त आहे. पण स्क्रिप्टमधून पीडीएफ/ए आणि पासवर्ड दोन्ही मागितले तर फिल्टर पासवर्ड बाजूला ठेवतो आणि उघडी फाइल तयार करतो. स्क्रिप्टला काहीच कळत नाही. पगारपत्रकं पासवर्डसह पाठवणाऱ्या कुणीतरी ‘जतनासाठी पीडीएफ/ए बरं’ म्हणून एक आकडा बदलला, की सगळी पत्रकं उघडी. या सॉफ्टवेअरमधली आमच्या मते सगळ्यात घातक जागा हीच. अशा वेळी फिल्टरने काम नाकारायला हवं होतं. तोवर तयार झालेली प्रत्येक फाइल पीडीएफइन्फोने तपासा. ‘एन्क्रिप्टेड’ या ओळीपुढे ‘येस’ नसेल तर पाठवू नका.

पीडीएफ/ए-च्या पहिल्या भागात पारदर्शकताही चालत नाही. सावल्या आणि अर्धपारदर्शक वॉटरमार्क त्यात बदलतात. खास कारण नसेल तर २ हा आकडा बरा.

‘हायब्रिड’ पीडीएफची सोय मात्र हुशारीची आहे. पर्यायाचं नाव इजअ‍ॅडस्ट्रीम. पीडीएफच्या पोटात मूळ ओडीटी फाइल भरली जाते. कुणीही ती वाचू शकतं आणि लिब्रेऑफिसमध्ये उघडली की पुन्हा संपादन करता येतं. पण पोटातल्या फाइलीत खोडलेले बदल आणि आतले शेरेही जातात, पानावर दिसत नसले तरी. निविदा किंवा करार पाठवताना ही खूण काढलेली आहे याची खात्री करा, कारण तीही प्रोफाइलमध्ये टिकून राहते.

कॅल्कची सीएसव्ही: बारा जागांचं कोडं

कमांडवरून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल) काढताना फिल्टरच्या नावानंतर आकड्यांची आणि शब्दांची एक माळ द्यावी लागते. बहुतेक जण ती कुठूनतरी चिकटवतात आणि बारावी जागा कशाची ते बघतही नाहीत. उपयोगी माळ अशी: ४४, ३४, ७६, १, रिकामी जागा, ०, फॉल्स, ट्रू, ट्रू, फॉल्स, फॉल्स, -१. प्रत्यक्षात मध्ये मोकळी जागा न सोडता फक्त स्वल्पविराम.

पहिला ४४ म्हणजे स्वल्पविरामाचा क्रमांक, टॅब हवा असेल तर ९. ३४ म्हणजे दुहेरी अवतरणचिन्ह. ७६ म्हणजे यूटीएफ-८, मराठीसाठी हे सोडून काहीही नको. चौथी, पाचवी आणि अकरावी जागा आयातीपुरती, पण स्वल्पविराम गाळला तर पुढचं सगळं एक घर सरकतं. सातवी ट्रू केली तर मजकुराचा प्रत्येक रकाना अवतरणात जातो. दहावी ट्रू केली तर उत्तराऐवजी सूत्र बाहेर पडतं. बारावी ७.२ आवृत्तीपासूनची: ० किंवा काहीच नाही तर फक्त पहिलं शीट, ३ म्हणजे तिसरं, -१ म्हणजे सगळी शीटं वेगवेगळ्या फायलींत, नाव मूळ फाइल-शीटचं नाव असं. त्याआधीच्या आवृत्त्यांत ‘बाकीची शीटं कुठे गेली’ हा कायमचा प्रश्न होता.

खरी डोकेदुखी नवव्या जागेची. ट्रू म्हणजे ‘पडद्यावर दिसतं तसं’, फॉल्स म्हणजे ‘आत आहे तसं’. तीन ओळींत प्रत्येकी १०.००४ आहे, दोन दशांशांचं रूप लावलंय, म्हणून तिन्हीकडे १०.०० दिसतं आणि बेरीज ३०.०१. ट्रू ठेवून काढलेल्या फाइलीत १०.००, १०.००, १०.०० आणि ३०.०१ जातात. पलीकडचं लेखापद्धतीचं सॉफ्टवेअर बेरीज करून ३०.०० काढतं आणि पैशाचा फरक दाखवतं. लाखांचे स्वल्पविराम लावलेली १,२५,००० ही रक्कम अवतरणात मजकूर म्हणून जाते. अंक देवनागरीत दाखवणारं रूप लावलं असेल तर फाइलीत देवनागरी अंकच जातात, आणि बहुतेक कार्यक्रम त्यांना संख्या मानत नाहीत.

फॉल्स करून सुटका होईल असं वाटतं, पण मग शून्याने सुरू होणारे क्रमांक, जे फक्त रूप लावून सहा अंकी दाखवले होते, त्यांचं पुढचं शून्य जातं. तारखाही लोकेलप्रमाणे, म्हणजे भाषा-प्रदेशाच्या निवडीप्रमाणे, बदलतात. सर्व्हरची भाषा अमेरिकन इंग्रजी असेल तर महिना आधी येतो, आणि ०५/०७ म्हणजे पाच जुलै की सात मे ते कुणालाच कळत नाही. हा पर्याय अख्ख्या शीटला लागतो, रकान्यागणिक निवडता येत नाही. आमचा सल्ला: नववी ट्रूच ठेवा, पण आधी रूपं साफ करा. रकमांना स्वल्पविरामाविना दोन दशांशांचं रूप, गरज असेल तिथे राउंडचं सूत्र. तारखांना वर्ष-महिना-दिवस. खाते क्रमांक टाइप करण्याआधीच रकाना ‘टेक्स्ट’ करा, कारण संख्या म्हणून टाकलेल्या आकड्याचे १५ अंकांपुढचे अंक तिथेच हरवतात, एक्स्पोर्टपर्यंत पोचतच नाहीत.

अशी यूटीएफ-८ सीएसव्ही एक्सेलमध्ये डबल-क्लिकने उघडली आणि मराठीऐवजी टोपीवाली रोमन अक्षरं दिसली, तर फाइल बिघडलेली नाही. सुरुवातीला तीन बाइटची बीओएम खूण नसल्यामुळे एक्सेलने चुकीचा अंदाज बांधलाय. डेटा मेनूतून ‘टेक्स्ट/सीएसव्ही’ आयात करून ६५००१ हा यूटीएफ-८चा क्रमांक निवडला की मराठी परत येते.

कमांडवर चालवताना

मूळ कमांड छोटी आहे: एसऑफिस, मग हेडलेस, कन्व्हर्ट-टू, आउटडीआयआर आणि फायलींची नावं, प्रत्येक पर्यायाआधी दोन आडव्या रेघा. कन्व्हर्ट-टूच्या पुढे विस्तार, अपूर्णविराम, फिल्टरचं नाव, अपूर्णविराम, पर्याय. ७.४ पासून पीडीएफचे पर्याय इथेच जेसनमध्ये (नाव-किंमत अशा जोड्या लिहायची एक मांडणी) देता येतात, म्हणजे पानं निवडायला मॅक्रो लिहायची गरज उरली नाही. प्रत्येक पर्यायाला टाइप आणि व्हॅल्यू दोन्ही द्यावे लागतात. लिनक्सवर अख्खी माळ एकेरी अवतरणात ठेवा. विंडोजच्या सीएमडीत एकेरी अवतरण चालत नाही, तिथे बाहेर दुहेरी आणि आतल्या दुहेरीआधी उलटी तिरपी रेघ.

फिल्टरचं नाव चुकलं तर निदान ‘नो एक्स्पोर्ट फिल्टर’ अशी ओरड होते. जेसनमधल्या पर्यायाचं नाव चुकलं तर ती नाही. पेजरेंजमधला ‘आर’ लहान पडला की तो पर्याय दुर्लक्षित होतो, पण यादी रिकामी नसल्यामुळे प्रोफाइलही वाचली जात नाही. हाती येते ती सगळ्या पानांची, मूळ किमतींची पीडीएफ.

लिब्रेऑफिस आधीच उघडं असेल तर दुसरी कमांड त्याच प्रोफाइलवर अडते. जुन्या आवृत्त्यांत ती काहीही न करता, काहीही न बोलता परत येते. उपाय म्हणजे प्रत्येक प्रक्रियेला स्वतःची प्रोफाइल: एका आडव्या रेघेनंतर ईएनव्ही, अपूर्णविराम, युजरइन्स्टॉलेशन, बरोबर, आणि फाइलच्या पत्त्यासाठी तीन तिरप्या रेघांसह तात्पुरत्या फोल्डरची वाट. इथे रेघ एकच, बाकीच्यांना दोन, यात हमखास चूक होते. ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या क्रॉनमधून किंवा वेब सर्व्हरच्या खात्यावरून चालवताना तर हे हवंच. त्या खात्याच्या होम फोल्डरमध्ये लिहायची परवानगी बहुधा नसते आणि काम सुरूच होत नाही. वर नवी कोरी प्रोफाइल म्हणजे कुणाच्या जुन्या निवडींचं ओझं नाही.

परतीचा संकेतांक शून्य आला म्हणजे काम झालं, असं धरू नका. फाइल उघडताच आली नाही तरी अनेक आवृत्त्या शून्यच परत करतात. तयार झालेली फाइल आहे का, रिकामी तर नाही ना, तिची वेळ आत्ताची आहे का, हे स्क्रिप्टने स्वतः बघायचं. जुनी पीडीएफ त्याच नावाने असेल तर ‘ओव्हररायटिंग’ एवढं म्हणून ती पुसली जाते. एकाच फोल्डरमध्ये अहवाल डॉट ओडीटी आणि अहवाल डॉट डॉकएक्स दोन्ही असतील तर शेवटी बदललेली तेवढी उरते. पीएनजी मागितली तर फक्त पहिलं पान मिळतं. सगळी पानं हवी असतील तर आधी पीडीएफ, मग पीडीएफटूपीपीएम. कॅल्कचं रुंद शीट चार पानांत तुटत असेल तर सिंगलपेजशीट्स हा पर्याय अख्खं शीट एका पानावर बसवतो. वाचायला बारीक, पण पडद्यासाठी ठीक.

दर वेळी लिब्रेऑफिस सुरू होण्यात जाणारा वेळ खटकत असेल तर युनोसर्व्हर लावा. ते एक प्रत सतत जागी ठेवतं. जुन्या युनोकन्व्हचे धडे अजून फिरत असतात, पण तो प्रकल्प आता सोडून दिलेला आहे.

आवृत्ती बदलताना (२०२४ पासून क्रमांक २४.२, २४.८ असे वर्ष-महिन्याचे झाले आहेत) एक दोन पानी चाचणी-फाइल जवळ ठेवा. तिच्यात ‘कि’, ‘कार्य’, ‘वैशिष्ट्य’, ‘कऱ्हाड’, एक ल आणि एक श मराठी भाषा लावून, एक फोटो आणि एक शेरा. जुन्या आणि नव्या आवृत्तीतून पीडीएफ काढा. दोन्ही फायलींचे चेकसम जुळवत बसू नका, तयार झाल्याची वेळ आणि ओळखक्रमांक आत असल्यामुळे ते दर वेळी वेगळेच येतात. पीडीएफटूटेक्स्टने काढलेला मजकूर फरक दाखवणाऱ्या डिफ या कमांडला द्या आणि पानांची संख्या बघा. ‘कऱ्हाड’चा अर्धा र मोडला असेल तर तिथेच दिसतो.